टॉवरवर बांधलेलं कलम

"हर्षदा, रेडिओ गेला," रेडिओ मंडळाचे अध्यक्ष पोपटराव फोनवर म्हणाले. आवाजात दुःख कमी होतं आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान जास्त. "मी शिरूरला मार्केट यार्डात हाय. भेंडीचा भाव सांगितला आन् गवारीचा सांगायच्या आत गेला."

"माहीत आहे, आप्पा. ट्रान्समीटरनं स्वतःला बंद करून घेतलंय. बघतेच आहे मी."

"बघ. पन शुक्रवारी मंडळाची मीटिंग हाय, तेबी बघ."

घोडकाठ रेडिओ महिन्याभरात पाचव्यांदा बंद पडला होता. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना लागणाऱ्या पिंपळखडीच्या जुन्या दूध संकलन केंद्रात त्याचा संसार होता. एका खोलीच्या भिंतींना वाकळा टांगून स्टुडिओ केलेला, दुसऱ्या खोलीत ट्रान्समीटर आणि हर्षदा, बाहेर तीस मीटरचा टॉवर. आसपासच्या वीसेक गावांना भाजीचे भाव, शेतीपंपांसाठी थ्री फेज वीज येण्याची वेळ आणि कुणाची शेळी कुणाच्या रानात सापडली एवढं तो सांगायचा. एवढं सांगितलं तरी लोक खूश असायचे.

हर्षदा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. सहा महिन्यांपूर्वी ती रेडिओची तांत्रिक बाजू सांभाळायला आली. घरी हे कुणाला पटलेलं नव्हतं. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात तिच्यासाठी जागा होती आणि वडिलांनी कंपनीची बस कुठे थांबते तेसुद्धा पाहून ठेवलं होतं. "तो टॉवर पडला की ये," ते म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात टोमणा नसायचा. टॉवर पडणार याची त्यांना मनापासून खात्री होती.

रेडिओचा वॉचमन मल्हारी याने रांजणगावातच एका कारखान्याच्या गेटवर अकरा वर्षं काढली होती. तिथे 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असायचा. तशीच एक फळी त्याने रेडिओच्या दारावर ठोकली होती. 'रेडिओ सलग चालू' एवढं ऑइल पेंटने, पुढचा आकडा खडूने. आतापर्यंतचा विक्रम नऊ होता. फोन झाल्यावर मल्हारीने ओल्या फडक्याने सहा पुसला आणि शून्य काढलं.

"शून्य मात्र तुमचं फार सुबक येतं, मामा," हर्षदा म्हणाली.

"सवय झाली, म्याडम."

दोष कुठे आहे हे हर्षदाला माहीत होतं. टॉवर उभा करणाऱ्या ठेकेदाराने केबल मोजताना टॉवरपासून खोलीपर्यंतचं अंतर धरलंच नव्हतं, म्हणून ती कमी पडली. मग त्याने तुकडा जोडला. तो जोड जमिनीपासून नऊ मीटरवर, दोन कनेक्टर एकमेकांत फिरवून बसवलेला होता. त्यावर काळा टेप गुंडाळून ठेकेदार जो गेला तो पुन्हा दिसला नाही. त्या जोडात पाणी शिरत होतं.

"जॉइंटचं कौतुक मला सांगू नको," पोपटराव पहिल्याच वेळी म्हणाले होते. "माझी मोटर दोनशे फूट बोअरमधी बुडालेली हाय. जॉइंट मी स्वतः मारलाय. आठ वर्षं झाली, पान्यात चालतोय. तुमचा हवेत असून भिजतोय?"

हा प्रश्न गावातल्या प्रत्येकाने विचारला होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. हर्षदा उत्तर द्यायची. मोटरची वीज तारेतून जाते, बाहेर गळली नाही की झालं. रेडिओची लहर मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामधल्या पोकळीतून जाते. ती पोकळी मापाची असते. तिथे चमचाभर पाणी शिरलं तरी लहरीला समोर भिंत दिसते आणि ती आली तशी मागे फिरते. परत आलेली ताकद पाहून ट्रान्समीटर घाबरतो आणि बंद होतो.

"म्हंजी तुझा ट्रान्समीटर भित्रा हाय," पोपटराव म्हणाले.

उपाय सगळे झाले होते. मल्हारीने जॉइंटवर खताची प्लास्टिकची पिशवी चढवून खालून घट्ट दोरी बांधली. वरून पाणी शिरलं, खालून जाईना. तीन दिवसांनी टॉवरला पाण्याचा मोठा फुगा लटकलेला दिसला आणि त्यावर एक चिमणी चोच मारत होती. मग पोपटरावांनी न्हाणीघराच्या फटीत भरतात ती पांढरी लुकण पाठवली. वाळताना तिचा व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता, यात आम्ल आहे हे हर्षदाने तेव्हाच ओळखायला हवं होतं. आठवड्याने उघडून पाहिलं तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

पण तिला दुसरंच कोडं छळत होतं. नोव्हेंबर चालू होता. पाऊस जाऊन महिना झाला होता. मग पाणी येत होतं कुठून?

तिने पाचही वेळा वहीत मांडल्या. पाचही दिवशी रेडिओ दुपारीच गेला होता आणि पाचही दिवशी थ्री फेज दिवसा होती. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्री असे, त्या आठवड्यात काही होत नसे. ती वही घेऊन बाहेर आली आणि टॉवरकडे न बघता टॉवरच्या भोवती बघू लागली. बांधापलीकडे पोपटरावांचा ऊस होता. उसात तिपाईवर रेनगन उभी होती, पाण्याची लांब धार गोल फिरवणारी ती तोफ. बांधाकडच्या कोपऱ्यात ती लावली की धार टॉवरला नऊ मीटरवर, नेमकी त्या जोडापाशी, घासून जात होती.

म्हणजे थ्री फेज किती वाजता येणार हे सकाळी सांगताना रेडिओ स्वतःच्या मरणाची वेळच जाहीर करत होता.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हर्षदाने आलेख काढून दाखवला. सभासदांनी आलेख पाहिला, मग पोपटरावांकडे पाहिलं.

"बरं," पोपटराव शांतपणे म्हणाले. "गन माझी. बंद करतो. पन पोरी, जूनमधी पाऊस पडंल, त्याला कोन सांगनार, जरा टॉवर सोडून पड म्हनून?"

या माणसाची पंचाईत हीच होती की तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. शिवाय हा रेडिओ त्यांनीच आणला होता. दोन वर्षं कचेऱ्यांचे जिने चढून. आता यार्डात रोज कुणीतरी विचारायचं, "काय पोपटराव, बोलला का आज तुमचा पोपट?" आणि ते हसून पुढे जायचे.

"पाऊस समजून माझी गन चालूच राहील," ते म्हणाले. "उद्यापासून एकवीस दिवस. एकवीस दिवस रेडिओ सलग चालला तर पुढं चालवू. न्हाई चालला, तर टॉवरवर सीसीटीव्ही आन् भोंगा बसवू आन् मोकळं होऊ. हर्षदा, तुला तरी किती दिवस शून्य काढायला लावायचं?"

शून्य मल्हारी काढायचा, पण हर्षदाने ते सांगितलं नाही.

तिच्याकडे एकच खरा उपाय होता. पुण्याहून मागवलेला, स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप. त्याला डिंक नसतो. ताणून एकावर एक वेढे दिले की थोड्या वेळात सगळे वेढे मिळून एकच रबर होतं. तीन रोल आले होते. शनिवारी सकाळी ती व्हरांड्यात बसून झाडूच्या दांड्यावर सराव करू लागली. दांड्याचं दुसरं टोक मल्हारीने धरलं होतं. पहिल्या रोलचे चार वेढे उत्तम बसले. पाचव्याला मल्हारी शिंकला. टेप त्याच्या मफलरवर पडला आणि सोडवायला गेल्यावर स्वतःशीच जुळत, मफलर आत घेत, असा काही एकजीव झाला की शेवटी गळ्यातून मफलर काढावा लागला.

"माल एक नंबर हाय, म्याडम," मल्हारी मफलरकडे बघत म्हणाला. "सुटतच न्हाई."

दोन रोल उरले.

तेवढ्यात फाटकातून धुरपदामामी आल्या. दौंडच्या बाजूला एका रोपवाटिकेत त्या गुलाबांना डोळे भरायचं काम करायच्या. रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा काढून त्यात बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. तीस वर्षं हेच. रोपवाटिकेत आणखी बायका हव्यात अशी जाहिरात रेडिओवर द्यायला त्यांना मालकाने पाठवलं होतं. रेडिओ बंद म्हटल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि हर्षदाकडे बघत राहिल्या.

"काय करती, पोरी?"

"टेप गुंडाळायची प्रॅक्टिस, मामी. पाणी जाऊ नये म्हणून."

"मग वरनं खाली का येती?"

हर्षदा थांबली.

"वरनं खाली गुंडाळलं की परतेक वेढ्याचं त्वांड वर ऱ्हातं," धुरपदामामी म्हणाल्या. "पानी वरनं येनार, त्वांडात शिरनार. खालनं वर जायचं. म्हंजी वरचा वेढा खालच्यावर बसतो. पत्र्यावर पत्रा चढवत्यात तसा. आन तो झाडू इकडं."

हर्षदाने माहितीपत्रक तीन वेळा वाचलं होतं. ताण किती द्यायचा, वेढ्यावर अर्धा वेढा कसा चढवायचा, हे तिला पाठ होतं. दिशेबद्दलचं वाक्यही त्यात होतं आणि तिने ते वाचलंही होतं. पण वाचलेलं वाक्य आणि समोर बसलेली बाई यांत फरक असतो. मामींनी जुन्या काळ्या टेपचा तुकडा घेतला, डाव्या अंगठ्याखाली टोक दाबलं आणि उजव्या हाताने दांडा नाही, टेपही नाही, जणू मधली हवाच फिरवली. दहा वेढे. सगळे सारख्या अंतरावर. हर्षदाने खिशातली पट्टी काढून मोजलं. वेढ्यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"दिवसाला किती बांधता, मामी?"

"सातशे. पाव्हनं आलं तर साडेसहाशे."

पुढचं सगळं दहा मिनिटांत ठरलं. टॉवरवर मामी चढणार. मल्हारीने कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला कमरेचा सेफ्टी बेल्ट काढला. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. पदराच्या वर ठेवलं की डुलायचं, पदराखाली घातलं की मामींना ऐकू यायचं नाही. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली.

"भ्या वाटतं का, मामी?" मल्हारीने विचारलं.

"चिंचा कोन उतरवतं आमच्यात? धनी झाडाखाली उभं राहून वर बघत्यात नुसतं," असं म्हणत त्या शिडीवर चढल्यासुद्धा.

हर्षदाने ट्रान्समीटरचा मुख्य खटका पाडून चावी स्वतःच्या हातात ठेवली होती. जोड तिने आदल्या दिवशीच उघडून, आत नवे कनेक्टर बसवून कोरडा केला होता. आता फक्त बांधायचं होतं. मामींनी खालून सुरुवात केली. वर जाताना त्यांचे हात दिसत नव्हते, फक्त कोपर लयीत हलत होतं. चार मिनिटांत रबरी टेप झाला. त्याच्यावर उन्हासाठी काळा टेप चढला. मामी खाली उतरल्या तेव्हा त्यांना धापही लागलेली नव्हती. हर्षदाला वाटलं, आपण सहा वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि इतकं स्वच्छ काम आपल्या हातून एकदाही झालं नाही.

तिने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जोड मोठा करून पाहिला. खालचा भाग, वा! वरचा भाग, वा! आणि मधोमध, जिथे कनेक्टरची फुगीर कडी होती, तिथे बोटभर पितळ उन्हात चमकत होतं.

"मामी, मधे उघडं राहिलंय."

"राहिलंय न्हाई. ठेवलंय."

"का?"

धुरपदामामींनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "त्यो डोळा हाय की. मधी फुगीर हुतं, तवाच वळाखलं मी. वर बांधायचं, खाली बांधायचं, डोळा उघडा ठेवायचा. झाकला तर फुटंल कसा?"

तीस वर्षं, दिवसाला सातशे. त्या हातांनी चूक केलीच नव्हती. त्यांनी कनेक्टरला गुलाब समजून काम अगदी बिनचूक केलं होतं.

"मामी, हा... हा फुटू द्यायचा नाहीये."

"मग बांधायचा कशापायी?"

"बांधून कायमचा झाकायचा."

"आस्सं व्हय," मामी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? जीव न्हाई त्यात, हे मला कसं कळावं?"

पावणेबारा झाले होते. थ्री फेज बाराला येणार होती आणि रेनगन आज बांधाकडच्या कोपऱ्यात होती. पोपटरावांनी मोटरला ऑटो बसवलेला. वीज आली की मोटर कुणाला न विचारता सुरू होणार. हर्षदाने फोन लावला.

"आप्पा, पंधरा मिनिटं मोटर थांबवता येईल?"

"मी शिरूरला हाय. पेटीला कुलूप, चावी माझ्या खिशात. का? डरलीस व्हय?"

"नाही," हर्षदाने सांगितलं आणि फोन ठेवला. उघड्या कडीवर पाणी पडलं आणि त्यावर टेप चढवला, तर पाणी आत कोंडून कायमचं राहणार होतं. कोरडं असतानाच बांधायला हवं होतं. रबरी टेपचा एक रोल उरला होता.

धुरपदामामींनी तो तिच्या हातातून घेतला. "पंधरा मिंटं लई झाली," असं म्हणून त्या पुन्हा शिडीला लागल्या.

त्या नऊ मीटरवर पोचल्या आणि बेल्टचा आकडा अडकवला, तोच वीज आली. पिंपळखडीच्या इतिहासात वीज वेळेआधी कधी आली नव्हती. त्या दिवशी ती दहा मिनिटं आधी आली. उसात मोटर घुमली, रेनगन दोनदा खोकली आणि तिने धार धरली.

"मामी, पाणी येतंय! झाका!"

मामींनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पदर ओढला, जोडाभोवती दोन्ही बाजूंनी घेतला आणि त्यावर स्वतःच वाकल्या. धार आली. त्यांच्या पाठीवर, वेणीवर, हेल्मेटवर फटफट आपटली आणि पुढे गेली.

खाली हर्षदाने मोबाइलवर वेळ लावली. धार फिरून पुन्हा यायला एक मिनिट बावन्न सेकंद. टॉवरवर ती नऊ सेकंद राहते. पुढच्या फेरीला तिने मोजलं, तेच. गणित जमलं.

"मामी, मी आकडा देते. दीड मिनिट बांधायचं, मी 'झाक' म्हटलं की झाकायचं!"

"बोल तू!"

"बांधा!"

मामींनी आधी पदराच्या कोरड्या टोकाने कडी पुसली, मग टेप ताणला. नवा टेप त्यांनी जुन्या बांधणीच्या खालूनच सुरू केला, म्हणजे शिवण मधे राहणार नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हर्षदाच्या लक्षात आलं, पण ते बोलून दाखवायला वेळ नव्हता. ती फक्त सेकंद मोजत राहिली.

"झाक!"

पदर, पाठ, फटफट, पुढे.

"बांधा!"

तिसऱ्या फेरीला मल्हारीही मोजू लागला, पण तो मेंढ्या मोजायच्या सवयीने पाचपाचने मोजायचा आणि दोघांचे आकडे भिडले. हर्षदाने त्याला गप्प केलं. चौथ्या फेरीला मामींच्या अंगावर एकही कोरडा धागा उरला नव्हता. एकच वस्तू कोरडी होती, आणि ती त्यांच्या पदराखाली होती. त्यांना ती दिसतसुद्धा नव्हती. वाकून, पदरात हात घालून, नुसत्या बोटांनी त्या वेढ्यावर वेढा चढवत होत्या.

पाचव्या फेरीआधी वरून आवाज आला. "झालं. डोळा मिटला."

त्या खाली उतरल्यावर हर्षदाने वाकून नमस्कार केला. मामी म्हणाल्या, "अगं, वल्ली हाय मी, भिजशील." हर्षदाने खटका चढवला. परत येणाऱ्या ताकदीचा काटा शून्याला चिकटून बसला आणि हलला नाही. पोपटरावांची रेनगन दुपारी चारपर्यंत टॉवर धूत होती. काटा तिथेच.

पुढच्या तीन आठवड्यांत रेनगन बांधाकडच्या कोपऱ्यात आणखी सहा वेळा आली. दोनदा तर पाळी नसताना आली असा मल्हारीचा संशय होता. एकदा दाट धुकं पडलं. दहाव्या दिवशी मल्हारीने नऊचा विक्रम मोडल्याबद्दल स्वतःच्या खर्चाने पेढे वाटले. पंधराव्या दिवसानंतर पोपटरावांचे फोन यायचे बंद झाले. अठराव्या दिवशी कळलं, की ते यार्डात कांद्याच्या आडतीवर स्वतःचा रेडिओ ठेवून बसतात आणि येणाऱ्याला "अठरावा हाय बरं का" असं विचारण्याआधीच सांगतात.

एकविसावा दिवस शुक्रवारचा. अकरा वाजता हर्षदाने धुरपदामामींना स्टुडिओत बसवलं. ज्यांच्यामुळे रेडिओ चालू होता त्यांचा आवाज त्या रेडिओवर एकदाही गेलेला नव्हता, हे तिला बरं वाटत नव्हतं. निवेदन करणाऱ्या साधनाने माइक सरळ केला.

"तर मामी, आपल्या श्रोत्यांना सांगा, डोळा भरल्यावर पट्टी नेमकी कशी बांधायची?"

"त्यात सांगायचं काय? दावते की," मामी म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी रानगुलाबाची काडी काढली, पट्टी काढली, टोक अंगठ्याखाली दाबलं. "हे असं धरायचं. मग हे असं."

आणि त्या बांधू लागल्या.

साधना पुढे वाकून बघू लागली. काचेपलीकडे हर्षदा खुर्चीतून उठून बघू लागली. दारातून मल्हारी बघू लागला. पट्टी अंगठ्याखालून निघून वर चढत होती, ताण कुठे देतात ते दिसत नव्हतं, पण ताण होता. मामींनी एक काडी बांधली, नीट दिसावी म्हणून सोडली आणि पुन्हा सावकाश बांधायला घेतली. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

हर्षदाचा फोन थरथरला.

"गेला!" पोपटराव जवळजवळ ओरडले. त्यांच्या आवाजात आज समाधानाचा मागमूस नव्हता. "हर्षदा, गेला गं! एकविसाव्या दिवशी गेला! तीन मिंटं झाली, आवाज न्हाई. हितं समदी हसाया लागली. काय झालं?"

हर्षदाने काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर. ताकद पूर्ण. मग तिने काचेतून आत पाहिलं आणि तिला समजलं.

"आप्पा, रेडिओतून खरखर येतेय का?"

"खरखर?"

"स्टेशन बंद पडलं की खरखर येते. कान लावून ऐका."

"थांब. ए, गप बसा रं जरा! तो काटा थांबव, पोतं मग मोज." फोनवर यार्डातला गलका हळूहळू विरला. कुणीतरी कुणाला तरी श्श केलं. पोपटराव बोलले तेव्हा कुजबुजत बोलले. "न्हाई. खरखर न्हाई. कायच न्हाई. लई स्वच्छ हाय."

"मग रेडिओ चालू आहे, आप्पा. तुम्हाला आमची शांतता ऐकू येतेय. ती इथून तिथपर्यंत धडधाकट पोचतेय."

"म्हंजी एकविसावा मोडला न्हाई?"

"नाही मोडला."

"मग आमी दहा-बारा मानसं चार मिंटं ऐकतोय काय?"

"धुरपदामामी पट्टी बांधून दाखवतायत."

फोनवर पुन्हा काही ऐकू येईना. मग कांद्याच्या आडतीवरच्या त्या रेडिओतून, सोळा किलोमीटरवरून फिरून, मामींचा आवाज हर्षदाच्या कानात आला.

"झालं. दिसलं का समद्यांस्नी नीट?"

"दिसलं, वहिनी," पोपटराव रेडिओला अदबीने म्हणाले.